अर्ध्या पोटाचा आचारी

आमी सुप्याच्या आतल्या अंगाचे, पारनेर तालुका. पावसावरची जमीन, ती बी भावकीत वाटून वाटून अशी झाली का बैल वळवायचा तर शेजाऱ्याला इचारून वळवावा लागतो, म्हनून माझ्या आज्यानं नांगर सोडून झारा धरला, आन तोच झारा बापाकडं आला, बापाकडनं माझ्याकडं. रंगनाथ नाव हाय माझं, पन गुरुजी, तुमी रंगनाथ म्हनून गावात इचारलं असतं तर कुनी घर दावलं नसतं. रंगू आचारी म्हनल्यावर कुत्रं बी वाट दाखवतंय. लग्न असू द्या, दहावा असू द्या, देवाचा भंडारा असू द्या, जमिनीत चर खनायचा, कढया चढवायच्या, आन पहाटंपासनं धुरात उभं ऱ्हायचं. तुमी सगळं लिहा, फक्त मला लई शहाना करू नका, वाचनाऱ्याला संशय येतो.

बाप माझा एवढा दांडगा का बैलगाडीत एका अंगाला बसला तर गाडीवान म्हनायचा, दादा, तेवढं मधी सरका. आन आमच्या धंद्यात त्याचा उपेग हुतो. लोकं आचाऱ्याचं पोट बघून सुपारी देतात. वाळका आचारी दारात आला का घरधनी इचारात पडतो, ह्याच्या हातचं ह्यालाच गोड लागत न्हाई का काय. तर असा हा बाप एका लग्नात लापशीच्या कढईपुढं रक्ताची उलटी करून पडला. मला तवा मिसरूड फुटत हुतं. गाडीत घालून नगरच्या वाटंला लागलो तर वाटंतच गेला. दहाव्याला जो तो म्हनं, काय नशिबाचा मानूस, खाऊनपिऊन गेला, चुलीपुढं गेला. मी गाडीत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो हुतो. त्यात नशीब कुठं हुतं ते मला दिसलं न्हाई. लई जवळ बसल्यामुळं दिसलं नसंल.

आता आमच्याकडची रीत सांगतो, म्हंजे पुढचं समजंल. सगळ्या पंगती उठल्या, वाढपी बी जेवले, का शेवटाला आचाऱ्याचं ताट. घरधनी सोता पाट मांडनार, आचाऱ्याला बसवनार, आन गोडाचं भांडं हातात घेऊन समोर उभा ऱ्हानार, आजून एक, माझ्या गळ्याची शपथ आजून एक. आन आचाऱ्यानं हात धुतल्याबिगर घरधन्यानं जागा सोडायची न्हाई, मंग तिकडं मांडव पेटला तरी. माझं ताट म्हंजे लग्नातला शेवटचा खेळ हुता. वऱ्हाडी गाड्या जुंपायच्या थांबायचे. मी बुंदीची परात खाली केली का पोरं टाळ्या पिटायची. मला त्याची गोडी लागली, खान्याची कमी आन टाळ्यांची जास्त, पन टाळी कुठं एकटी मिळती, ती बुंदीसंगंच मिळती.

मंग दुष्काळ आला. लग्नं लागली ती कोऱ्या चहावर. मी आन माझी मालकीन, द्वारका, दोघं खडीच्या कामावर गेलो. सगळा तालुका वाळला, मी काय वाळलो न्हाई. मुकादम म्हनायचा, रंगू, तुझ्यात सरकारनं धान्याचा साठा ठेवलाय का रं. पन आत आग पडलेली. सोडा खाल्ला का ईझायची, घंट्याभरानं परत पेटायची. पुढच्या साली पाऊस झाला, बाजऱ्या वर आल्या, लोकांच्या तोंडावर पानी दिसाया लागलं, आन पोळा झाला त्याच आठवड्यात मला उलटी झाली. बापासारखीच, त्याच रंगाची. फरक एवढाच का रस्त्याला ट्रक मिळाला, आन आमीच फोडलेल्या खडीवरनं तो लवकर नगरला पोचला. सरकारचं काही चांगलं बोलायची येळ आली तर मी ही एक गोष्ट सांगतो.

नगरच्या दवाखान्यात डाक्टर तरुन हुता, चष्म्याचा, बोलायला तुटक. म्हनाला पोटात जुनी जखम हाय, कापावं लागंल. निम्म्याहून जास्ती पोट काढलं त्यानं. शुद्धीवर आलो तर म्हनाला, रंगनाथराव. मी घाबरलो. आजवर मला कुनी राव म्हनलं नव्हतं, म्हनलं काही तरी मोठंच गेलं दिसतंय. तर त्यानं चहाची वाटी पुढं धरली आन म्हनाला, एवढं पोट उरलंय, आता दिवसातनं सहा येळा खायचं, पन एवढंच खायचं, घासाचं पानी हुईस्तोवर चावायचं, जेवताना पानी न्हाई, तिखट न्हाई, गोड तर न्हाईच. आन हे वजन उतरवायचं. ते परत चढलं तर टाके बी उसवतील आन मी बी दुसऱ्यांदा हात लावायचा न्हाई. मंग इचारलं, धंदा काय करता? मी म्हनलं, आचारी. त्यानं चष्मा काढून पुसला. म्हनाला, माझं आपरेशन झालं. आता सहा म्हैने तुमचं. भूक तुमच्या डोक्यात हाय, तिथं माझी सुरी जात न्हाई.

घरी आलो तर काय सांगू तुमाला. आमची थोरली बहीन बायजाआक्का, लवकर विधवा झाली, तवापासनं आमच्याकडंच. माया लई. तिला कळलं एवढंच का भावाचं पोट कापून आतनं काही तरी काढलंय, आन हे दुखनं तिला नवं नव्हतं, तिनं सारा जन्म गावातली बाळंतपनं केलेली. खोलीला पडदा लावलेला, बाजंखाली शेगडी, ओव्या-शेपाची धुरी, आन डाक्टरच्या पट्टीवरनं माझ्या पोटाला जुनं लुगडं करकचून आवळलं. वर डबा भरून डिंकाचे लाडू. शेजारची चंद्रभागा दारातनं वाकून म्हनती, काय झालं गं आक्का, पोरगा का पोरगी? आक्का म्हनाली, माझ्या भावाचं अर्धं पोट गेलंय, आन तुला थट्टा सुचती व्हय गं भवाने. आन माझ्या तोंडात लाडू कोंबला.

खाल्ला. तिचं तोंड बघून खाल्ला. जरा येळानं छाती अशी उडाया लागली का बाज हालती वाटली, घाम सुटला, डोळ्यापुढं अंधारी, आतड्यात पीळ. आक्का पळाली मीठ-मिरच्या आनायला, दृष्ट लागली म्हनून चुलीत टाकल्या, तर ठसका लागून टाके तुटायची पाळी. द्वारकानं पडदा वढून काढला, शेगडी लाथंनं बाहेर लोटली, आन मला परत नगरला न्हेलं. डाक्टर म्हनाला, गोड आता तुमच्या पोटात थांबत न्हाई, सरळ खाली कोसळतं, त्यानं असं हुतं, हे ध्यानात ठेवा. मंग द्वारकानं त्याला शेगडी, धुरी, लुगडं, सगळं सांगितलं. तो हसला न्हाई. भिताडाकडं तोंड करून थोडा येळ उभा ऱ्हायला.

आक्का दोन दिवस रडली आन लाडू गावातल्या खऱ्या बाळंतिनींना वाटून आली. पन हार मानली न्हाई तिनं. मुगाच्या पान्यात गुपचूप तूप सोडायची. आचाऱ्याला तूप वासानं कळनार न्हाई व्हय? मी म्हनायचो, आक्का, हे काय? ती म्हनायची, काय न्हाई, भांड्याला लागलं असंल. आमच्या घरात तवा भांड्यांना लई तूप लागायचं.

द्वारका बोलायला कमी, पन बोलली का तोडून बोलती. तिनं माझं मोठं ताट माळ्यावर टाकलं आन देवाच्या नैवेद्याचं ताटुकलं माझ्यापुढं ठेवलं. चतकोर भाकर, चमचाभर वरन. मी म्हनलं, अगं, ह्याच्यात देवाचं भागत असंल, तो जेवत न्हाई. ती म्हनाली, त्याला जेवायचं नसतं म्हनून तो देव हाय, तुला जगायचंय म्हनून तू गप खा. रागावली का ती मला अरेतुरे करती, एरवी अहो म्हनती. त्या सहा म्हैन्यात मी अहो लई कमी ऐकलं.

आता लोकांना वाटतं सुरवातीचे दिवस अवघड. न्हाई, गुरुजी. सुरवातीला सोपं असतं, दुखत असतं, भ्या असतं, इचारायला मानसं येतात. खरं अवघड तिसऱ्या म्हैन्यात. जखम वाळली, दुखायचं थांबलं, इचारनारे गेले आपापल्या बाजऱ्या काढायला, आन पोट म्हनाया लागलं, काय झालंय मला, एवढं काय घाबरतो. तवा कशाच्या जोरावर धरायचं? मी करदोट्याच्या जोरावर धरलं. पोट उतरंल तसा करदोटा खाली घसरायचा, मंग मी एक गाठ मारून तो आवळायचो. कुठं भज्याचा वास आला का हात त्या गाठींवर न्ह्यायचो. गाठी वाढत हुत्या. दुसरं कुनी मला शाबास म्हनत नव्हतं, करदोटा म्हनायचा.

डाक्टरनं चालायला बी सांगितलं हुतं. पन आमच्या गावात बिनकामाचं चालता येत न्हाई. घराबाहेर पडलं का दहा जनं, कुठं निघाला? कुठं न्हाई, असाच, म्हनलं तर लोकं तोंडाकडं बघतात, डोक्यावर परिनाम झाला का काय म्हनून. म्हनून मी हातात टमरेल घेऊन निघाया लागलो. टमरेलवाल्याला कुनी काही इचारत न्हाई. टेकडीपतुर जायचं, यायचं, सकाळ, दुपार, संध्याकाळ. चार दिवसांनी सरपंच घरी आला, द्वारकाला म्हनाला, वैनी, रंगूला जुलाब लई लागलेत म्हनं, पटकीबिटकी असंल तर वर कळवावं लागंल. मंग टमरेल सोडलं आन खांद्यावर दोरी टाकली. दोरी टाकली का हरवलेली म्हैस हुडकतोय असं लोकं समजतात. आमच्याकडं म्हैस नव्हती, पन ते कुनी ध्यानात घेतलं न्हाई.

तुळशीचं लगीन झालं आन लग्नं सुरू झाली. दोन साल रखडलेली लग्नं, एका एका मांडवात दोन दोन. माझ्या जन्मात तेवढं तळन मी बघितलं न्हाई. दुष्काळ सोसलेली मानसं जिलबीकडं अशी बघायची का देवळात बी बघत न्हाईत. सगळा जिल्हा खात हुता, आन मी चतकोर भाकर फडक्यात बांधून त्यांच्यासाठी रांधत हुतो. आन ते बी कुठं, कामं कमी झाली. सुपारी द्यायला यायचे, मला बघायचे, रंगू, बरा हायेस ना, म्हनायचे, पानी पिऊन दुसऱ्या गावचा आचारी धरायचे. ज्यांनी बोलावलं त्यांच्याकडं शेवटच्या ताटाला मी चार घास खाऊन हात धुतला का घरधन्याचं तोंड पडायचं, काय कमी पडलं आमचं? आन हळूहळू उठलंच, रंगू आपल्या हातचं आपन खात न्हाई, काही तरी घोळ हाय.

चव बघायची बी पंचाईत. आमटी तिखट, पाक गोड, मी जिभेला काय लावू? मंग द्वारका संगं याया लागली. बाईमानूस आचाऱ्यासंगं चरावर, लोकं हसली. मी वास घेऊन सांगायचो, तिनं पळीभर चाखून मान हालवायची. मीठ थोडं, म्हनायची. मी म्हनायचो, न्हाई, बरोबर हाय. ती म्हनायची, जीभ कुनाची हाय? आमची भांडनं ऐकायला वाढपी गोळा व्हायचे.

असं चाललं असताना प्रवरेकडनं बोलावनं आलं, देवळालीच्या बाजूचं. ऊसवाले मोठे बागायतदार, साखर कारखान्याचे डायरेक्टर, लेकीचं लगीन. बाकीचे आचारी गुंतलेले म्हनून माझ्यापतुर आले. त्या पट्ट्यात एकदा नाव झालं का वर्षाची चिंता मिटती. गेलो तर मांडवाला कमानी, कमानीवर डायरेक्टरसायबाचं नाव नवरीच्या नावाहून मोठं, कर्न्यावर गानी, आन नगरच्या एका पुढाऱ्यासाठी मखमलीची खुर्ची, तिच्यावर दुपारपतुर एक मांजर झोपलेलं. सगळं रांधलं, पंगती चालू झाल्या, तवा सायबाचा कारभारी आला, म्हनाला, आचाऱ्याचं ताट साहेब स्टेजवर करनार हायेत, पुढाऱ्यांसमोर, माईकवर. एवढा मोठा मानूस जुनी रीत पाळतो हे लोकांना दिसलं पाहिजे.

द्वारका म्हनाली, आताच्या आता घरी चला. म्हनलं, पळून गेलो तर ह्या पट्ट्यात परत पाय ठेवता येनार न्हाई. ती म्हनाली, आन खाल्लं तर? मी कढईपुढं बसून इचार केला. एक जिलबी, एकच. घाम येईल, छाती उडंल, कुठं तरी आडोशाला पडून ऱ्हाईन, भागंल. पन मला मी ठाऊक हुतो. पाचशे मानसांच्या टाळ्या कानात गेल्या का एकीवर थांबनारा रंगू न्हाई मी. एवढ्या म्हैन्यांच्या गाठी एका दुपारी सुटल्या असत्या, आन मंग पुढच्या उलटीला ट्रक मिळंल न मिळंल. म्हनलं, द्वारका, ताटुकलं आन.

स्टेजवर पाट मांडलेला. साहेब परीटघडीच्या पांढऱ्या कपड्यात, हातात चांदीचं तबक, वर जिलब्यांची रास. माईकवर म्हनाले, हे आपले रंगनाथराव, मरनाच्या दारातनं परत आलेत, आज आमच्या हातनं त्यांचं तोंड गोड हुनार. टाळ्या. मी माईकपाशीच म्हनलं, साहेब, रीत पाळायची ना? सगळी पाळू. आन बसलो. द्वारकानं ताटुकलं ठेवलं, चतकोर भाकर, चमचाभर फिकं वरन. सायबाला वाटलं आधी हे, मंग जिलबी. मी पहिला घास घेतला आन चावाया लागलो.

डाक्टरनं सांगितलं हुतं, पानी हुईस्तोवर. मी त्याचं अक्षर न अक्षर पाळलं. लोकं आधी गप बघत हुती, मंग कुजबुजली, मंग मागनं कुनी तरी खोकल्यासारखं हसलं. दुसरा घास. पुढाऱ्यानं घड्याळ बघितलं, त्याला आजून कुठं कुठं अक्षता टाकायच्या हुत्या. तिसरा घास. तबकातला पाक वघळून सायबाच्या बाहीत चालला, माश्या आल्या, आन दोन्ही हात गुंतलेले. साहेब वाकून हळूच म्हनाले, रंगू, आवर. माझं तोंड भरलेलं, भरल्या तोंडी मोठ्या मानसाशी बोलू कसं, मी नुसता हात वर केला. तवा खालनं एक म्हातारा शेतकरी वरडला, साहेब, हात धुतल्याबिगर हालायचं न्हाई हां! मंग सगळा मांडव, उभं ऱ्हावा साहेब, उभं ऱ्हावा! पुढाऱ्याच्या ड्रायव्हरनं मोटार चालू केली, बंद केली, परत चालू केली.

भाकर संपली. सायबानं जिलबी पुढं केली. मी ताटावर पंजा आडवा धरला. म्हनलं, साहेब, जिलबी चांगलीच हाय, मीच तळलीया. पन दवाखान्यानं माझ्याकडं जागा ठेवली न्हाई. तुमच्या शब्दाखातर खातो, पन मंग ती मोटार मला नगरच्या दवाखान्यात न्यायला द्या, पुढारी यष्टीनं जातील. कुनी हसलं न्हाई. मी मनात म्हनलं, रंगू, जीभ लांब झाली. तेवढ्यात बायकांच्या अंगानं सायबाची म्हातारी आई उठली, काठी टेकत वर आली, लेकाकडं बघितलं बी न्हाई, तांब्या उचलला आन म्हनाली, धू रं बाबा हात, माझा मालक असाच आग्रहानं गेला. तिनं पानी घातलं, मी हात धुतला. साहेब मोकळे झाले. पुढारी त्याच्या आधीच मोकळा झाला हुता, सायबाचा निरोप न घेताच.

पट्टा गेला तो गेलाच. डायरेक्टरसायबाच्या नात्यागोत्यात मला कुनी बोलवीत न्हाई, भर मांडवात अपमान केला म्हनतात, आन त्यांच्या बाजूनं बघितलं तर खोटं न्हाई. आता येतात ती लहान घरं, शे-दोनशे पान. ती मानसं द्वारकाला आधी इचारतात, वैनी, कोनत्या दिवशी मोकळ्या हायेत? मला संगं आनतात. शेवटाला घरधनी पाट मांडतो, मी माझं ताटुकलं काढतो, तो उभा ऱ्हातो, मी चावतो, आन तेवढ्या येळात तो लेकीच्या सासरचं, पावसापान्याचं बोलतो. पूर्वी ह्या पाटावर कुनी माझ्याशी बोलत नव्हतं, नुसतं वाढायचे.

आता श्रावन लागलाय. डाक्टरकडं परवा जाऊन आलो, त्यानं पोट दाबून बघितलं, काट्यावर उभं केलं, म्हनाला, ठीक. तुटकच बोलतो. बाहेर आल्यावर द्वारका म्हनाली, अहो, ठीक म्हनला. भूक अजून हाय, गुरुजी, ती गेली असं सांगून तुमाला फसवत न्हाई. रोज सकाळी उठलं का परत पहिल्यापासनं न्हाई म्हनावं लागतं. काही दिवशी सोपं जातं, काही दिवशी आक्काच्या चुलीवरचा वास येतो आन दोरी खांद्यावर टाकून टेकडीला जावं लागतं. पन जातो. बापाहून मोठा झालोय वयानं, हे ध्यानात आलं का पाय आपोआप उचलतो.

चला, मिटा आता ती वही. पिठलं-भाकरी झालीया, आक्कानं वाढलंय. तुमचं पोट सगळंच्या सगळं हाय, देव ते तसंच ठेवो. बसा. मी बसतो समोर, पन आजून घ्या म्हननार न्हाई. लागंल तेवढं मागून घ्या.